टिळकांचा उत्तरध्रुव आणि तळ्यावरचा टिलवा

१९०३ साली लोकमान्य टिळकांनी आर्यांचे मूलस्थान उत्तरध्रुवाकडे होते, असे मांडणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदांतील अनेक दिवस रेंगाळणारी उषा हा त्यांचा मोठा आधार. आजचे संशोधक तो सिद्धांत मानीत नाहीत. पण मराठी माणसाच्या बोलण्यात ध्रुवप्रदेश शिरला तो शिरलाच.

मी उमरीचा. वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. बर्फाशी संबंध सरबतापुरता! तरीही ध्रुवाकडचा एक खराखुरा रहिवासी दर हिवाळ्यात मराठवाड्यातील तळ्यांकाठी मला भेटतो. छोटा टिलवा. वजन जेमतेम दोन-तीन तोळे.

बाळंतपणाला तो युरोप-सायबेरियाच्या उत्तर टोकाला, माहेरी जातो. तेथे थोड्याच खोलीवर जमीन बारमाही गोठलेली. मुळांना खाली वाव नाही. म्हणून आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा तिकडचा भाऊबंद वीतभरही उंच न होता जमिनीलगत सरपटतो. काही झुडुपे उशीसारखी गच्च बसतात आणि वारा अंगावरून जाऊ देतात. आपल्या रानातला ससा लांब कानांतून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. तिकडच्या सशाला ती राखायची, म्हणून त्याचे कान आखूड. जोएल ॲलन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७७ साली हा नियम मांडला. आमच्या लाल कंधारी बैलाच्या गळ्याची लोंबती पोळी मला त्याच हिशेबातली वाटते.

टिलव्याने मात्र थंडीला सरळ पाठ दाखवली. न मावळणाऱ्या उन्हाळ्यात किड्यांचा सुकाळ असतो. पिले अंड्यातून निघताच स्वतः टिपू लागतात. मग सारे दक्षिणेकडे. असे पाहुणे कोठून येतात, हे पायांत कडी घालून शोधण्याचे काम मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालीम अलींच्या पुढाकाराने १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर केले.

परतीच्या हजारो मैलांची शिदोरी त्याला आपल्या चिखलातच बांधावी लागते. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. तशा वर्षी चिखल तरी कोठला? उत्तरेतही बर्फ लवकर वितळू लागले आहे, आणि किड्यांचा बहर काही जातींच्या पिलांआधीच ओसरू लागला आहे. दोन्हीकडून कोंडी!

यंदा दिवाळीत तळ्यावर गेलात, तर काठाने शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच मारीत पळणारा करडा ठिपका शोधा. पाय काळे असले, तर तोच.