पिवळ्या गळ्याची चिमणी

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची मुंबईतली गोष्ट. खेतवाडीत मामाकडे वाढणाऱ्या एका पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा ठिपका! ही कुठली चिमणी? शिकारी मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडलं. संस्था १८८३ सालची, सचिव मिलार्डसाहेब. राज्य गोऱ्यांचं, पोरगं बुजलेलं. पण साहेबाने हाकललं नाही. पक्षी ओळखला, पेंढा भरलेले पक्षी कपाटातून काढून दाखवले, पुस्तकंही दिली.

तो मुलगा म्हणजे सलीम अली. पुढे १९३० साली आपल्याच जिल्ह्यात, किहीमला, त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला.

आपल्या दारात कर्नाळा आहे, १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य. पोरं तिथून पक्ष्यांचे फोटो आणतात. पावसाळ्यात सोसायटीत साप निघतो. नाव कुणाला विचारायचं? आधी काठी निघते, मग कळतं, बिचारी बिनविषारी धामण होती. पनवेलच्या एखाद्या वाचनालयात आठवड्यातून तासभर जाणकार माणूस बसला, तरी पुष्कळ झालं. खर्च एका खुर्चीचा. विचारायला आलेलं पोरगं मात्र रिकाम्या हाताने परत जाता कामा नये.