फ्रिजमधला गॅस खरंच 'संपतो' का?

आजचा एपिसोड थेट आमच्या स्वयंपाकघरातून आलाय.

मे महिना, दुपारची वेळ. आईने हाक मारली, "अरे, दूध परत नासलं." मी मीटिंगमध्ये होतो, म्हटलं नंतर बघू. मग आठवलं की दुधाच्या शेजारीच आईच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या आहेत. त्यांना २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. थर्मामीटर आत ठेवला, तर १७! मीटिंग गेली उडत. बाटल्या शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्या आणि मेकॅनिकला फोन लावला.

दादा आले. फ्रिजला कान लावला, आत हात घातला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "गॅस संपलाय. साडेतीन हजार होतील."

आई पैसे काढायला उठली. मी मात्र 'संपलाय' या शब्दावर अडकलो. संपायला तो काय गाडीतलं पेट्रोल आहे?

बघा, फ्रिजमध्ये एकच गॅस गोल गोल फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो. मागच्या जाळीतून ती उष्णता आपल्या स्वयंपाकघरात सोडतो आणि त्याचा द्रव होतो. मग एका बारीक नळीतून पुढे गेला की त्याच्यावरचा दाब एकदम उतरतो, त्याची वाफ होते आणि वाफ होताना तो आतली उष्णता ओढून घेतो. परत कॉम्प्रेसर. या चक्रात काही खर्च होत नाही. जेकब पर्किन्सने या पद्धतीचं पेटंट लंडनमध्ये १८३४ साली घेतलं, तेव्हा आत ईथर होतं. गंमत म्हणजे त्याच सुमारास मुंबईत थेट अमेरिकेहून जहाजाने बर्फ येऊ लागला होता. गोठलेल्या तळ्यांतून कापलेला, भुशात गुंडाळलेला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि नंतर यजमान-पाहुणे सगळ्यांनाच सर्दी झाली, अशीही नोंद सापडते.

तर गॅस संपत नाही, तो गळतो. आणि या गळतीने माणसं मेलीत.

१९२०च्या दशकातल्या घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले विषारी वायू असायचे. बर्लिनमध्ये एका कुटुंबातले आईवडील आणि मुलं झोपेतच गेली, कारण फ्रिजच्या पंपाचं सील फुटलं होतं. ही बातमी वाचून हादरलेला माणूस कोण? आइन्स्टाइन! हो, तोच. त्याने आणि लिओ झिलार्डने विचार केला की हलणारे भागच नसतील तर सील लागणार नाही आणि सील नसेल तर गळतीही होणार नाही. असा फ्रिज दोघांनी डिझाइन केला. १९३० साली त्यांना अमेरिकन पेटंटही मिळालं. (मुलाखतीत सांगायला भारी साइड प्रोजेक्ट आहे!)

पण तो फ्रिज बाजारात आलाच नाही. त्याच वर्षी थॉमस मिजलीने रसायनतज्ज्ञांच्या सभेत एक नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटत नाही. हाच फ्रिऑन. सगळ्यांना वाटलं बग फिक्स झाला. १९७४ साली मोलिना आणि रोलँड यांनी दाखवून दिलं की हे वायू ओझोनचा थर खातात. १९८७ साली माँट्रियल करार झाला. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या सिलेंडरमधल्या गॅसचा भाऊबंद. ओझोनला निरुपद्रवी, पण पेटणारा. आत काही ग्रॅमच असतो. तरी फ्रीजरमधला बर्फ सुरीने खरवडणाऱ्या तमाम मावश्यांना हे सांगा. सुरी नळीत घुसली तर गॅस जातो आणि बऱ्याचदा फ्रिजही.

आता आमच्याकडे या. मी दादांना फ्रीजर उघडून दाखवला. बर्फाचा ट्रे दगडासारखा घट्ट. गॅस गळला असता तर फ्रीजरही कोमट झाला असता ना? आमचा फ्रॉस्ट-फ्री आहे. त्यात थंडी फक्त वरच्या कॉइलपाशी तयार होते आणि एक पंखा ती हवा खाली ढकलतो. वर गार आणि खाली गरम, म्हणजे हवा मध्येच कुठेतरी अडतेय. दादांनी डोकं खाजवलं, मागचं पॅनेल काढलं. कॉइलवर बर्फाची भिंत!

एवढी वाफ आत आली कुठून? मी दारात दहाची नोट ठेवून दार लावलं आणि नोट ओढली. अलगद बाहेर आली. दाराचं रबर, म्हणजे गॅस्केट, खालच्या कोपऱ्यात फाटलं होतं.

या रबराचीही एक गोष्ट आहे आणि ती सांगताना मला त्रास होतो. पूर्वी फ्रिजला बाहेरून खटका असायचा, आतून उघडायची सोय नाही. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपाछपी खेळताना मुलं अडकून गुदमरायची. शेवटी १९५६ साली कायदा झाला की दार आतून ढकलून उघडलंच पाहिजे. खटके गेले आणि रबरात चुंबक आलं. म्हणून आपलं दार 'टक्' करून चिकटतं आणि लहान मूलही ते ढकलू शकतं.

आम्ही फ्रिज बंद करून दारं रात्रभर उघडी ठेवली, खाली जुने टॉवेल अंथरले. सकाळी फरशीवर तळं. दादांनी नवीन रबर बसवलं. हिशेब साडेतीन हजारांच्या बराच खाली आला. निघताना ते म्हणाले, "आता आधी फ्रीजर बघत जाईन." मला आवडलं ते.

दुसऱ्या दिवशी थर्मामीटर ४ वर आला. डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी तापलेल्या बाटल्यांवर तारीख लिहायला लावली आणि त्या आधी वापरून महिन्याभरात संपवायला सांगितलं. आईने स्केचपेनने तारखा टाकल्या. आता दुधाच्या पिशवीवरही टाकते.