पाणीवाल्या बाईंची आठवण

आपल्या मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न अधूनमधून निघतो आणि चहा आला की विरतो. समाजकार्य करणाऱ्या बाईने निवडणुकीला उभे राहावे काय? "आपण बरे, आपले काम बरे," हे बहुतेकींचे उत्तर. मीही तेच म्हणत आले. माहेरी शिरूरला उन्हाळ्यात घोड नदी आटलेली पाहिली, सासरी दौंडला भीमा उशाशी असून नळापाशी हंड्यांची रांग पाहिली. त्यामुळेच मृणालताई गोरे यांचे चरित्र मला जवळचे वाटते.

मृणालताईंचा जन्म १९२८ चा, माहेरच्या त्या मोहिले. राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी त्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडले. (आपल्या लेकीने असे केले तर घरात काय होईल, ते न सांगितलेलेच बरे!) केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी विवाह झाल्यावर गोरेगावात संसार आणि समाजकार्य एकाच वेळी सुरू झाले. गोरेगाव १९५७ पर्यंत मुंबई महापालिकेत नव्हते. तेथे घरोघर जाऊन कुटुंबनियोजन समजावणे हे त्यांचे आरंभीचे काम. त्या काळी तो शब्द उच्चारायलाही बायका लाजत. १९५८ साली बंडू गोरे वारले. पदरी लहान मुलगी. तरी ताई घरी बसल्या नाहीत, १९६१ साली महापालिकेवर निवडून गेल्या.

येथे थोडे थांबते. झोपडी अनधिकृत, म्हणून तिला नळ नाही, असा कारभार होता. मंडळ काढून त्या बायकांना आपण फार तर दोन हंडे पाणी देऊ. पाइप टाकण्याचा ठराव मात्र सभागृहातच व्हायचा. ताई बाहेर मोर्चा नेत आणि आत जाब विचारीत. लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटले ते यामुळे.

१९७२ साली त्या आमदार झाल्या. महागाईविरुद्ध अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते यांच्यासह त्यांनी हाती लाटणी घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढले. आणीबाणीत भूमिगत राहिल्या, तुरुंगात गेल्या, १९७७ साली लोकसभेत पोचल्या. पुढे पुन्हा आमदार असताना गर्भलिंगचाचणीविरुद्धच्या कायद्यासाठी त्यांनी आग्रह धरला. तो कायदा महाराष्ट्रात १९८८ साली झाला, देशात सर्वांआधी. २०१२ साली ताई गेल्या.

नगरपालिकांत १९९३ पासून आपल्यासाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या, २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या. आमचा वॉर्ड एकदा राखीव झाला तेव्हा मलाही विचारणा झाली होती. "ह्यांना विचारून सांगते," म्हणाले आणि ह्यांना विचारलेच नाही. निवडून आलेल्या बाईंच्या वतीने त्यांचे यजमान बोलत, आणि आम्ही मैत्रिणी त्यांना हसत असू. माझे हसणे मला अजून बोचते.

यंदाच्या बैठकीत हा विषय चहाच्या आधी घ्यावा, असे मी चिटणीसबाईंना लेखी कळविले आहे.