घरगुती कार्ट्रिज (यामाहा डीएक्स ७)

यामाहाने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या डीएक्स ७ या सिंथेसायझरच्या खाचेत बसणारी, हौशी तंत्रज्ञांनी स्वतः चिप भरून तयार केलेली आवाजांची डबी. वाद्याच्या अंगच्या मेमरीत ३२ आवाज मावतात. कंपनीच्या रॉम कार्ट्रिजमध्ये ३२-३२ च्या दोन गटांत ६४ असतात. अशा कार्ट्रिजची घरी केलेली प्रत मूळ वस्तूपेक्षा उणी समजली जाते. हा समज तपासायचा, तर कार्ट्रिजमध्ये नेमके काय साठवलेले असते ते आधी पाहावे लागते.

त्यात ध्वनिमुद्रण नसते. जॉन चौनिंग यांना स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६७ मध्ये गवसलेल्या एफएम पद्धतीत एका लहरीने दुसरीची कंप्रता हलवून नाद घडवला जातो. डीएक्स ७ मध्ये प्रत्येक आवाजासाठी अशा लहरी निर्माण करणारे ६ घटक (ऑपरेटर) असून त्यांच्या जोडणीचे ३२ प्रकार आहेत. प्रत्येक ऑपरेटरची मांडणी १७ बाइटांत बसते, म्हणजे सहांचे १०२ बाइट; दहा अक्षरी नावासह उरलेल्या तपशिलाला २६. असा एक आवाज १२८ बाइटांचा, ३२ आवाजांचा गट ४,०९६ बाइटांचा आणि अख्खे रॉम कार्ट्रिज ८,१९२ बाइटांचे होते. २७६४ या साध्या ईप्रॉम चिपची क्षमता नेमकी एवढीच आहे. गट बदलायचा म्हणजे तिची सर्वांत वरची अ‍ॅड्रेस लाइन खटक्याने फिरवायची. २७२५६ चिप घेतली, तर तीन खटक्यांवर आठ गट, म्हणजे २५६ आवाज हाताशी येतात. स्वरलिपी दुसऱ्या वहीत अचूक उतरवली तरी बंदिश तीच राहते. तसेच बाइट जुळले की वाद्याच्या लेखी प्रत आणि मूळ एकच.

अचूकपणा मात्र आपोआप येत नाही. मिडीवरून, म्हणजे वाद्ये एकमेकांना जोडणाऱ्या प्रणालीवरून, मिळणारी ३२ आवाजांची फाइल ४,१०४ बाइटांची असते. तिचे पहिले सहा आणि शेवटचे दोन बाइट न काढता ती चिपमध्ये भरली, तर प्रत्येक आवाजाचे आकडे सहा घरे सरकतात. ईप्रॉमवरील माहिती अतिनील किरणांनी पुसली जाते, म्हणून तिची काचेची खिडकी अपारदर्शक पट्टीने झाकावी लागते.

मिडीने आवाज भरता येत असताना कार्ट्रिज कशाला, हा आक्षेप वाजवी आहे. पण मिडीवरून आलेला गट अंगच्या मेमरीतील ३२ आवाज पुसून त्यांची जागा घेतो, आणि तो पाठवायला दुसरे यंत्र लागते. कार्ट्रिजमधले आवाज त्या ३२ ना धक्का न लावता बटण दाबताच वाजतात. कार्यक्रमात हा फरक मोठा ठरतो. दुसरा आक्षेप नकलेचा. स्वतः रचलेल्या आवाजांच्या बाबतीत तो उद्भवतच नाही. कंपनीचे आवाज भरून, तिचेच नाव चिकटवून डबी विकली तर ती फसवणूक आहे. पण खोटेपणा तेथे लेबलात असतो, चिपमध्ये नव्हे. म्हणून घरगुती कार्ट्रिजवर ते घरगुती असल्याचा आणि आवाज कोठून घेतले याचा स्पष्ट उल्लेख हवा. प्रतीची खरी मर्यादा वेगळीच आहे: ती आवाजांची मांडणी टिकवते, पण त्या आकड्यांचा नाद करणारे वाद्य चालू ठेवण्याचे काम तिच्याने होत नाही.