भाजीवालीच्या भूमिकेत अभियंता: शहर नियोजनातलं 'रोल-प्ले' काय असतं?

पदपथावर फेरीवाले बसू द्यायचे का? सभेत हा विषय निघाला की आवाज चढतात. म्हणून काही नियोजनकार कार्यशाळेत 'रोल-प्ले' घेतात. दुकानदाराला व्हीलचेअरवरच्या नागरिकाची चिठ्ठी मिळते, अभियंत्याला भाजीवालीची. समोर एकच नकाशा आणि मोजकी जागा. आता 'माझी पाटी कुठे ठेवू?' हे अभियंत्यालाच विचारावं लागतं.

पण खरी भाजीवाली खोलीत नसेल, तर हे नुसतं नाटकच. शिवाय कार्यशाळेत ठरलेलं कुणावर बंधनकारक नसतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार मात्र नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यातल्या एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. पदपथावरच्या विक्रीचा आराखडा याच समितीच्या शिफारशींवरून, दर पाच वर्षांनी करायचा असतो.