हनाकापिआई

अमेरिकेच्या हवाई राज्यातील काउआई बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरची पुळण. हे बेट कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस, सुमारे २२° उत्तर अक्षांशावर आहे. पुळण ज्या पट्ट्यात येते त्याला ‘ना पाली’ म्हणतात. हवाईयन भाषेत ‘पाली’ म्हणजे कडा. काही ठिकाणी हजार मीटरहून उंच असलेले हिरवे कडे इथे थेट समुद्रात उतरतात. त्यांतून रस्ता काढणे कुणाला जमलेले नाही. एका ओढ्याने दोन कड्यांमध्ये दरी कोरली आणि तिच्या तोंडाशी जी थोडी वाळू साठली, ती ही पुळण.

मोटारीचा रस्ता केए पुळणीपाशी संपतो. तिथून कलालाऊ नावाची पायवाट सुरू होते. ती पूर्ण चालायची तर सुमारे १८ किमी आहे; हनाकापिआई ३.२ किमीवर लागते. अंतर तासाभराचे वाटते, प्रत्यक्षात दीड-दोन तास मोडतात. वाट आधी चढते, मग उतरते. पाऊस पडून गेला असेल तर लाल माती साबणासारखी निसरडी होते. कडेला ‘हला’ ही आपल्या केवड्याच्या गोतातली झाडे दिसतात. दमट हवेत घामाने निथळत माणूस शेवटचा उतार उतरतो, ओढा ओलांडतो आणि समोर निळे पाणी पाहतो. इथल्या अपघातांचा विचार करताना ही पायपीट वगळून चालत नाही, कारण पाण्यात उतरण्याचा मोह तिथेच तयार होतो.

केए पुळणीसमोर प्रवाळखडकांचा बांध आहे आणि जीवरक्षकही असतात. हनाकापिआईला दोन्ही नाहीत. उत्तर पॅसिफिकमधील हिवाळी वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर येऊन कशालाही न अडता इथे फुटतात. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेले पाणी परतायला वाट शोधते आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे ओढले जाते. अशा ओढीचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. तिच्या विरुद्ध पोहणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही साधत नाही. फसगत अशी, की या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे उतरायला नेमकी तीच जागा शांत वाटते. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडावे, हा नेहमीचा सल्ला इथे पुरा पडत नाही. ओढीतून सुटले तरी दोन्ही बाजूंना कडेच आहेत आणि बाहेर पडण्याजोगा काठ जवळपास नाही. मोबाइलला रेंज नसते. मदत बहुधा हेलिकॉप्टरने येते.

पाण्यात न उतरणाराही पूर्ण निर्धास्त राहू शकत नाही. बराच वेळ लहान लाटा येत राहतात आणि मग एखादी मोठी लाट काठावरच्या माणसाचे पाय उचलते. पाठ समुद्राकडे करून फोटो काढणारे तिच्या तावडीत सहज सापडतात.

कोकणी माणसाला इथले ऋतुचक्र उलटे वाटेल. कोकणात पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि थंडीत निवतो. इथे उन्हाळ्यात त्यातल्या त्यात शांतता असते; ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ वाईट. भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो, त्यामुळे भरतीचे वेळापत्रक पाहून सुरक्षितता ठरवता येत नाही. हिवाळ्यात लाटा वाळूही ओढून नेतात आणि मागे नुसते धोंडे उरतात. उन्हाळ्यातला फोटो पाहून नाताळच्या सुट्टीत आलेल्याला पुळण सापडतच नाही, असेही होते.

वाटेवर एक लाकडी फलक प्रसिद्ध आहे. त्यावर बुडालेल्यांची संख्या पाच-पाचच्या रेघांच्या जुडग्यांनी कोरली होती, धोब्याच्या हिशेबासारखी. रेघा ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. अधिकृत मोजणी म्हणून त्या वाचू नयेत. नोंद झालेले मृत्यू त्याहून बरेच कमी आहेत. तरी भीती घालण्याचे काम त्या रेघांनी छापील सूचनांपेक्षा चांगले केले असावे.

दुसरा धोका मागून येतो. पुळणीवर ऊन असतानाही दरीच्या माथ्यावर पाऊस कोसळत असतो, आणि गुडघाभर ओढा काही मिनिटांत गढूळ होऊन छातीपर्यंत चढतो. एप्रिल २०१४ मध्ये अशा पुरामुळे शंभराहून अधिक लोक पलीकडे अडकले; त्यांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. पाणी ओसरेपर्यंत काठावर थांबणे, मग रात्र उघड्यावर काढावी लागली तरी, हाच शहाणपणा. ओढ्याच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून अंगावर जखम असताना डुंबणे आणि ते पाणी न उकळता पिणे टाळावे.

दरीतून आणखी ३ किमी आत सुमारे ९० मीटर उंचीचा धबधबा आहे. त्या वाटेवर दगडी बांध घातलेल्या जुन्या खाचरांच्या खुणा दिसतात. हवाईयन लोक तिथे ‘कालो’, म्हणजे आपलाच अळू, पिकवत. मात्र पानांपेक्षा त्यांचा भर कंदावर असे. एकोणिसाव्या शतकात इथे कॉफीचीही लागवड झाली. तिच्या गिरणीचे धुराडे झाडीत अजून उभे आहे. धबधब्याखाली वरून दगड सुटतात.

१४-१५ एप्रिल २०१८ रोजी याच उत्तर किनाऱ्यावरील वाइपा येथे २४ तासांत १,२६२ मिमी पाऊस झाला. अमेरिकेतील तो उच्चांक ठरला. रस्ता वाहून गेल्याने पायवाट वर्षभराहून अधिक काळ बंद होती. जून २०१९ मध्ये ती उघडली तेव्हा पायवाटेच्या तोंडाशी असलेल्या हाएना उद्यानात दिवसाला ९०० जणांची मर्यादा घालण्यात आली आणि राज्याबाहेरच्यांना आगाऊ नोंदणी सक्तीची झाली. त्या नोंदणीवर हनाकापिआईपर्यंत जाता येते. कलालाऊच्या दिशेने पुढे जायला मुक्कामाचा वेगळा परवाना लागतो.