भोपळ्याची सांगड आणि पोहण्याची भीति

गिरणा आणि पांझरा या आपल्या नद्या उन्हाळ्यांत बऱ्याचशा कोरड्या पडतात आणि पावसाळ्यांत मोठ्यांनाही भिववितात. तेव्हां खानदेशांतील लहान मूल पोहणें शिकलें तें बहुधा विहिरींत, आणि तेंही सांगडीच्या आधारानें. वाळलेले दोन पोकळ भोपळे दोरीनें जोडले कीं झाली सांगड! ती पाठीशीं बांधून मूल आधीं पायरीवर बसे, पाय भिजवी. मग एखाद्या वडीलधाऱ्याच्या हातावर पोटानें आडवें होई. आंतल्या हवेमुळें भोपळा बुडत नाहीं, हें त्याच्या बुद्धीच्या आधीं त्याच्या अंगाला कळे.

पण इतका धीर सगळ्याच घरांत कोठून असणार? पूर्व खानदेशांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत 1924 ते 1930 पर्यंत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं 1933 सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. तींत पोहण्याच्या भीतीनें लपून बसलेल्या कोंकणांतील श्यामला आई मारीत विहिरीवर धाडते. पुष्कळ वाचक त्या मारालाच सारें श्रेय देतात. मला तें पटत नाहीं. मारानें श्याम काठापर्यंत पोंचला, एवढेंच. त्याची भीति गेली ती पाण्यांत पडून, पाणी आपल्याला उचलून धरतें हें अनुभवल्यावर. भ्यालेलें अंग ताठ होतें, श्वास कोंडतो, आणि तेंच मूल नाकातोंडांत पाणी घेतें.

सांगड बांधणारा जाणता माणूस हें ओळखून असे. हात-पाय जमूं लागले कीं एके दिवशीं तो न बोलतां एक भोपळा सोडी. मूल आपलें हात मारीतच असे.